सोलापुरात टोर्नेडो येईल का? घाबरण्याआधी फोनवरचं म्यूट काढा

मे महिना आला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक तरी व्हिडिओ येतोच. काळं आभाळ, खाली उतरणारी सोंड, उडणारे पत्रे आणि वर लिहिलेलं असतं, ‘सोलापूरजवळ टोर्नेडो! सावध राहा!’ मागं एकदा आला त्यात रस्त्याच्या उजवीकडून गाड्या चालल्या होत्या. म्हणजे व्हिडिओ भारतातला नाही हे पहिल्या तीन सेकंदांत दिसत होतं. तरी मित्राचा मेसेज आलाच : ‘अबे, तू कॉम्प्युटरवाला ना? हे खरंय का सांग की.’

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हवामानतज्ज्ञ नाही. पण माझं घर सोलापुरात आहे, आणि एका वादळानं आमच्या घरचं जे नुकसान केलं त्यात माझ्या फोनमधल्या एका सेटिंगचा वाटा होता. त्यामुळे हा विषय मी जरा मुळापासून वाचला. त्यातून जे कळलं ते या लेखात मांडतोय. आधी थोडक्यात उत्तर : टोर्नेडोची काळजी जवळजवळ सोडून द्या. पण संध्याकाळी येणाऱ्या पंधरा मिनिटांच्या वादळाची काळजी आपण करतो त्यापेक्षा बरीच जास्त करायला हवी.

वावटळ, टोर्नेडो आणि व्हिडिओ

पहिला गोंधळ शब्दांचा. उन्हाळ्यात दुपारी मोकळ्या रानात मातीचा भोवरा उठतो, कागद, पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या गरागरा फिरत वर जातात. ही वावटळ. तिला ढग लागत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते आणि फिरते, एवढंच. ती खालून वर जाते, एक-दोन मिनिटांत विरते. डोळ्यांत धूळ जाण्यापलीकडे सहसा काही होत नाही.

टोर्नेडो ढगातून खाली येतो. त्यासाठी आधी आख्खा ढगच फिरावा लागतो. ढग फिरायला दोन गोष्टी लागतात. एक, खाली भरपूर ओलसर आणि गरम हवा. दोन, जमिनीजवळचा वारा एका दिशेचा आणि आठ-दहा किलोमीटर उंचीवरचा वारा वेगळ्या दिशेचा आणि खूप जोराचा. दोन्ही तळहातांमध्ये पेन्सिल धरून एक हात पुढं, एक मागं सरकवला की पेन्सिल फिरते. तसंच हे आहे. अमेरिकेच्या मधल्या सपाट भागात वसंत ऋतूत हे दोन्ही जमून येतं, म्हणून त्या देशात वर्षाला साधारण १,२०० टोर्नेडो होतात.

भारतीय उपखंडात टोर्नेडो होतच नाहीत असं नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्ली विद्यापीठाच्या परिसरात टोर्नेडो आला होता. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसं गेली. जगाच्या इतिहासातला तो सर्वांत जीवघेणा टोर्नेडो मानला जातो. मार्च २०२३ मध्ये पंजाबात फाजिल्का जिल्ह्यात एका गावात टोर्नेडोनं घरं पाडली. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये जलपाईगुडी जिल्ह्यातल्या मैनागुडीत अशाच वादळानं काही मिनिटांत घरं जमीनदोस्त केली आणि माणसं दगावली.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पंजाब, दिल्ली, उत्तर बंगाल, बांगलादेश. सगळी ठिकाणं उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची. मार्च-एप्रिलमध्ये त्या भागावर खूप उंचावरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहत असतात. पूर्वेकडे त्यात बंगालच्या उपसागरातून आलेल्या दमट हवेची भर पडते. सोलापूर १७.७ अंश अक्षांशावर, दख्खनच्या पठारावर आहे. मे महिन्यात ते उंचावरचे वारे आपल्यापासून बरेच उत्तरेला असतात. गरमी आपल्याकडे हवी तेवढी आहे, ढगही उंच वाढतात, पण पेन्सिल फिरवणारा वरचा हात सहसा नसतो. मोठ्या तलावावर एखादा छोटा पाण्याचा भोवरा उठू शकतो. अमेरिकेसारखा, घरं उचलून नेणारा टोर्नेडो मात्र आपल्याकडे जवळपास अशक्य.

मग आपल्याकडे पत्रे उडतात ते कशानं?

मे महिन्यातली सोलापूरची संध्याकाळ आठवा. दिवसभर ४२-४३ अंश. चारच्या सुमाराला एका बाजूला काळं भरून येतं. वारा एकदम पडतो, झाडाचं पान हलत नाही. मग अचानक थंड झोत येतो, मातीचा वास येतो, धुळीची भिंत रस्त्यावरून धावत येते. दुकानांची शटरं खाली येतात, लाइट जाते. वळवाचे दोन टपोरे थेंब पडतात, आणि कधी कधी पाऊस येतच नाही, नुसता वारा येऊन जातो.

तो थंड झोत म्हणजेच आपलं खरं वादळ. उंच ढगातून पाऊस खाली पडायला लागतो. आपल्याकडे ढगाचा तळ उंच असतो आणि खालची हवा कोरडी ठणठणीत. थेंब वाटेतच वाळतात. पाणी वाळताना हवेतली उष्णता खेचून घेतं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. गार झालेली हवा जड होते आणि दगडासारखी खाली येते. जमिनीवर आपटली की पुढं जायला जागा नाही, म्हणून चारी बाजूंना पसरते. फरशीवर बादलीभर पाणी ओतल्यावर ते जसं पसरतं, तसं. याला डाउनबर्स्ट म्हणतात.

म्हणजे गंमत बघा. आपण म्हणतो, सोलापूर कोरडं आहे, इथं कसलं आलंय वादळ. पण खालची हवा कोरडी असणं हेच या झोताचं इंधन आहे. पाऊस मिलिमीटरमध्ये कमी म्हणून वादळही कमी, हा हिशेब इथं लागू पडत नाही.

डाउनबर्स्टचा वारा सरळ येतो, टोर्नेडोसारखा फिरत नाही. पसारा दोन-चार किलोमीटरचा, वेळ पाच ते पंधरा मिनिटं. जुळे सोलापुरात पत्रे उडतात आणि बाळीवेशीत लोक विचारतात, ‘वादळ? कधी?’ आणि ज्याच्या डोक्यावरचा पत्रा गेला, तो माणूस दुसऱ्या दिवशी टोर्नेडोच सांगतो. त्याची चूक नाही. त्याच्यापुरतं तेवढंच झालेलं असतं.

जीव वाऱ्यानं जात नाही

गेल्या काही वर्षांतल्या महाराष्ट्रातल्या या घटना पाहा.

९ एप्रिल २०२३, अकोला जिल्ह्यातलं पारस. मंदिराच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली भाविक वादळापासून आसरा घ्यायला थांबले होते. शेजारचं जुनं झाड शेडवर कोसळलं. ७ जणांचा मृत्यू.

१७ एप्रिल २०२३, पिंपरी-चिंचवडमधलं किवळे. वाऱ्या-पावसात होर्डिंग कोसळलं, आडोशाला थांबलेल्या ५ जणांचा मृत्यू.

१३ मे २०२४, मुंबईतलं घाटकोपर. धुळीचं वादळ आलं आणि पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पडलं. परवानगी जास्तीत जास्त ४० बाय ४० ची असते. १७ जणांचा मृत्यू.

आणि २१ मे २०२४, आपला उजनी जलाशय. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला जाणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठावर आले. बाकीचे ६ जण बुडाले, त्यात लहान मुलंही होती.

चारपैकी एकाही ठिकाणी टोर्नेडो नव्हता. तीन ठिकाणी माणसं आडोशाला उभी होती किंवा नेहमीच्या कामात होती, आणि वरून काहीतरी पडलं. चौथ्या ठिकाणी वारा आला तेव्हा माणसं मोकळ्या पाण्याच्या मधोमध होती. वारा त्या संध्याकाळी आणखी कितीतरी लोकांच्या अंगावरून गेला असेल. जीव गेले ते चुकीच्या जागी असणाऱ्यांचे.

यात वीज अजून धरलेलीच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींत जेवढे मृत्यू झाले, त्यांतला हा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा. यात शेतात काम करणारे, गुरं राखणारे, झाडाखाली थांबलेले जास्त असतात. टोर्नेडोच्या एका व्हिडिओला हजारो शेअर मिळतात, आणि विजेची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

पत्र्याचं गणित

इंजिनिअरिंगला असताना पाठ केलेलं एक सूत्र इथं कामी येतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट.

ताशी ६० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा जोर लावतो. २० बाय २० फुटांचं होर्डिंग म्हणजे ३७ चौरस मीटर. त्यावर सव्वासहाशे किलो जोर आला. वारा ताशी १२० झाला, तर तोच जोर अडीच टनांवर जातो. ज्यानं चार अँगल वेल्डिंग करून ते होर्डिंग उभं केलं, त्यानं हा दुसरा आकडा धरला होता का, एवढाच प्रश्न असतो. बांधकामाच्या भारतीय मानकात पुणे आणि नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलाय. तेव्हा ‘एवढा वारा येईल असं वाटलं नव्हतं’ हे उत्तर कागदावर तरी चालत नाही.

छपराचा पत्राही असाच. दहा फुटी पत्रा साधारण पंधरा किलोचा असतो. ताशी ६० च्या वाऱ्यात त्याला वर ओढणारा जोर पन्नास किलोच्या आसपास जाऊ शकतो. त्याला धरून ठेवतात ते फक्त हुक-बोल्ट आणि वॉशर. वाऱ्याच्या बाजूचं शटर उघडं असेल तर वारा आत शिरतो आणि पत्र्याला खालूनही ढकलतो. वरून ओढ, खालून ढकल. हे मला पुस्तकातून कळलं होतं. पटलं मात्र खूप उशिरा.

माझ्या फोनवर आलेली ४५ मिनिटं

पप्पांचं अक्कलकोट रोडला छोटं टॉवेलचं काम आहे. भाड्याचं पत्र्याचं शेड, आत माग. मी पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एके दिवशी रात्री नऊला मी ऑफिसच्या बसमध्ये फोन उघडला, तर पप्पांचे सहा मिस्ड कॉल. सव्वापाचच्या वाऱ्यात शेडचे आठ पत्रे गेले होते. सूत भिजलं, दोन मागांवर पाणी पडलं. एक पत्रा समोरच्या लिंबाच्या खोडात माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर रुतून बसला होता. त्या लिंबाखाली रोज संध्याकाळी चहाला चार माणसं उभी असतात. त्या दिवशी ती सगळी लाइट गेली म्हणून आत आली होती. निव्वळ नशीब.

फोन ठेवला आणि नोटिफिकेशनची यादी खाली ओढली. तळाशी, सेल आणि ऑफर यांच्या मधे, एक ओळ होती. सोलापूर जिल्हा, पुढच्या तीन तासांत मेघगर्जनेसह वादळी वारा. वेळ : साडेचार.

म्हणजे वादळाआधी ४५ मिनिटं इशारा आला होता. मीच घरच्या काळजीपोटी त्या अॅपमध्ये सोलापूर टाकून ठेवलं होतं. आणि महिनाभरात पाच-सहा वेळा इशारा येऊन काहीच झालं नाही म्हणून मीच ते म्यूट केलं होतं. पप्पांच्या फोनमध्ये तर असलं काहीच नव्हतं. ४५ मिनिटांत ते पश्चिमेचं शटर ओढू शकले असते, मेन स्विच पाडून मागांवर ताडपत्री टाकू शकले असते. पश्चिमेचं शटर त्या दिवशी उघडं होतं. उकडतंय म्हणून.

नंतर पप्पा एकच वाक्य बोलले, ‘तुला कळलं होतं होय?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इशारा इतक्या वेळा ‘खोटा’ का ठरतो?

खरं तर तो खोटा नसतो. आपण तो चुकीचा वाचतो.

अंदाजाचे तीन थर असतात. पहिला दिवसांचा. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातलं अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र आंध्र आणि तेलंगण ओलांडून थेट आपल्यापर्यंत आलं. १४ ऑक्टोबरला पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून ६ जण गेले. एवढी मोठी प्रणाली शेकडो किलोमीटर पसरलेली असते. ती उपग्रहावर दिसते, त्यामुळे एक-दोन दिवस आधी सांगता येते.

दुसरा थर तासांचा. पुण्याच्या आयआयटीएमनं, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टिम हे मॉडेल मे २०२५ मध्ये सुरू झालं. ते देशाचे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करतं. आधी चौकोन १२ किलोमीटरचे होते. सुधारणा मोठी आहे, पण आपला डाउनबर्स्ट दोन-चार किलोमीटरचा. तो एका चौकोनातच मावतो. कमी पिक्सेलच्या फोटोत चेहरा ओळखू येत नाही तसं. ‘आज दुपारनंतर या भागात वादळी ढग होतील’ एवढं मॉडेल सांगू शकतं. ‘अशोक चौकात पाच वाजून दहा मिनिटांनी’ हे नाही.

तिसरा थर मिनिटांचा, आणि तिथं रडार लागतं. रडारची किरणं सरळ जातात, पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे जितकं लांब जाल तितकी ती जमिनीपासून वर जातात. मी हिशेब करून पाहिला : अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली किरणं २०० किलोमीटरवर साधारण ४ किलोमीटर उंचीवर असतात. हैदराबाद आपल्यापासून सरळ रेषेत २७० किलोमीटर, तिथून ती येईपर्यंत साडेसहा किलोमीटर उंच होतात. मुंबईहून दहा किलोमीटरच्या वर. म्हणजे लांबच्या रडारला आपल्या ढगाचा फेटा दिसतो, पाय दिसत नाहीत. आणि झोत तर पायाशी असतो.

म्हणून जवळचं रडार महत्त्वाचं. सोलापुरात असं रडार बसलं ते वेगळ्याच कामासाठी. आयआयटीएमनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथं कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, त्यासाठी ढगांचा अभ्यास करायला. अवर्षणप्रवण जिल्हा असण्याचा हा एक फायदाच म्हणायचा. देशभर रडारची संख्या वाढवायची म्हणून केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये २,००० कोटी रुपयांचं ‘मिशन मौसम’ मंजूर केलं. आपण नागरिक म्हणून विचारायचा प्रश्न हा आहे : आपल्या जिल्ह्याच्या डोक्यावर चोवीस तास चालणारं रडार आहे का, आणि त्यातलं दिसलेलं किती मिनिटांत माझ्या फोनवर येतं?

आता तो इशारा वाचू. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. म्हणजे इशारा तंतोतंत बरोबर आला तरी चारपैकी तिघांकडे काहीच होणार नाही. सोलापूर जिल्हा सुमारे १५,००० चौरस किलोमीटरचा. करमाळा ते अक्कलकोट सरळ रेषेत १४० किलोमीटरच्या आसपास. करमाळ्यात वादळ झालं तरी अक्कलकोटवाला म्हणणार, ‘हे हवामानवाले नुसतं काहीतरी बोलतात.’

याला माझ्या कामातली एक तुलना देतो. आमच्याकडे सर्व्हरचे अलर्ट येतात. दहातले नऊ वेळा काही नसतं. म्हणून ते बंद करणाऱ्या माणसाला दहाव्या वेळी रात्री दोनला उठून निस्तरावं लागतं. अलर्ट बंद करायचा नसतो, अलर्टवर करायचं काम स्वस्त करायचं असतं. शटर ओढायला दोन मिनिटं लागतात. दहा वेळा फुकट ओढलं तर वीस मिनिटं गेली. अकराव्या वेळी आठ पत्रे वाचले.

आज फोनमध्ये एवढं करा

दामिनी हे आयआयटीएमचं विजेचं अॅप आहे. देशभर बसवलेले सेन्सर वीज चमकल्यावर निघणारे रेडिओ तरंग पकडतात आणि ती कुठं पडली ते ठरवतात. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सांगतं. लोकेशनची परमिशन ‘नेहमी’ ठेवा, नाहीतर अॅप असून नसल्यासारखं.

मौसम हे हवामान खात्याचं अॅप. त्यात पुढच्या तीन तासांचा नाउकास्ट बघा. रंग लक्षात ठेवा : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आत्ता हालचाल करा.

सचेत हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. वादळ, पूर, उष्णतेची लाट असे सरकारी इशारे एकाच ठिकाणी येतात. गावाकडचं ठिकाणही त्यात टाकून ठेवा.

तिन्ही अॅपची बॅटरी सेव्हिंग बंद करा. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये फोनच ही अॅप मागच्या मागं झोपवतो, आणि नोटिफिकेशन उशिरा येतं किंवा येतच नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती अॅप नाही. २०२३ मध्ये एकदा सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात मेसेज प्रत्येक नंबरला वेगळा जात नाही. टॉवर तो रेडिओसारखा सोडतो आणि त्या टॉवरच्या टापूतले सगळे फोन वाजतात. नेट लागत नाही, गर्दीत अडकत नाही. सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ किंवा तशाच नावाखाली ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ असतं. तो पर्याय चालू आहे ना, ते बघा. भोंग्याचा वैताग आला म्हणून अनेकांनी त्याच दिवशी तो बंद केला होता.

आणि हे सगळं तुमच्या फोनमध्ये केल्यावर आई-वडिलांच्या फोनमध्ये करा. शेतात, कारखान्यात, बाजारात संध्याकाळी ते असतात. आपण एसीत असतो.

इशारा आल्यावरची तीस मिनिटं

वाऱ्याच्या बाजूची दारं, खिडक्या, शटर बंद करा. गच्चीवरचे सुटे पत्रे, रिकामे ड्रम, कुंड्या खाली आणा. दुसऱ्याच्या डोक्यात पडतात त्या याच वस्तू.

गाडीवर असाल तर होर्डिंग, जुनं झाड, पत्र्याचं शेड, विटांची कच्ची भिंत यांच्या आडोशाला थांबू नका. भिजलात तरी चालेल. स्लॅबचं बांधकाम शोधा.

पाण्यात असाल तर काठाला या, काठावर असाल तर निघू नका. उजनीच्या दोन काठांवरच्या गावांना बोटीशिवाय लांबचा वळसा पडतो हे मान्य. पण असलं वादळ बहुतेक वेळा तासाभरात निघून जातं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनानं भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब. पण साधा नियम असा की गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. आत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा. चारचाकीत काचा लावून बसणं चालतं. झाडाखाली थांबणं कधीच नाही. मोबाइलमुळे वीज अंगावर येते ही अफवा आहे. मात्र चार्जिंगला लावलेला फोन हातात धरू नका, कारण धोका वायरीतून येतो.

मग किती घाबरायचं?

टोर्नेडोला : तो व्हिडिओ डिलीट करण्याइतकं. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीला : २०१४ मध्ये द्राक्ष-डाळिंबाचं काय झालं ते आठवतंय तेवढं. वळवाच्या वादळाला : दर वर्षी मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, रोज संध्याकाळी एकदा आभाळाकडे आणि एकदा फोनकडे बघण्याइतकं. विजेला : बाकी सगळ्यांपेक्षा जास्त.

शेडवर आता नवे पत्रे आहेत, हुक-बोल्ट दुप्पट. पप्पांच्या फोनमध्ये मी चारही गोष्टी करून दिल्या. पहिल्या महिन्यात ते वैतागले, ‘हे सारखं वाजतंय, काढ हे.’ मी म्हटलं, ‘वाजू द्या. वाजलं की फक्त पश्चिमेचं शटर ओढा.’

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी शटर सात वेळा ओढलं. सहा वेळा काही झालं नाही. सातव्या वेळी वारा आला, लिंबाची एक फांदी पडली, पत्रे जागेवर राहिले. त्या रात्री त्यांचा फोन आला तो भलत्याच कामासाठी, लाइट बिलाबद्दल. वादळाचं त्यांनी शेवटी जाता जाता सांगितलं.